एकटी असली की दीर्घ

४ मार्च

ताई,

तीन वर्षांनी पत्र लिहितोय. सुरुवात कशी करावी हे कळत नाही, तेव्हा ती सोडून देतो. मी बरा आहे. गुडघा तेवढा कुरकुरतो, पण तो आधीपासूनच.

बातमी अशी की छापखान्यातली आमची खोली बंद झाली. जानेवारीच्या शेवटच्या शुक्रवारी. मुद्रितं तपासणाऱ्यांची, जिन्याखालची खोली. एकदा तू आणि आई ती बघायला आला होतात आणि आई म्हणाली होती, "इथे बसून तू दिवसभर लोकांच्या चुका काढतोस? घरी काय कमी पडत होत्या?" चार टेबलांपैकी तीन केव्हाच रिकामी झाली होती, चौथं माझं. आता चुका यंत्र शोधतं. निम्म्याच शोधतं, पण झटपट शोधतं. मालकांनी जाताना खुर्ची घेऊन जा म्हणून सांगितलं. सव्वीस वर्षं तिच्यावर बसलो, नको तरी कसं म्हणणार. डोक्यावर घेऊन घरी आलो. रस्त्यात एकाने विचारलं, "विकायची आहे का?" मी म्हटलं, "नाही, बसायची आहे." त्या दिवशी मी एवढंच बोललो असेन.

वाईट वाटलं का, असं तू विचारलं असतंस. नाही वाटलं. दाढ काढण्याआधी सुई देतात आणि मग बराच वेळ गाल आपला राहत नाही, तसं झालंय. कुणी थोबाडीत मारली तरी आवाज तेवढा ऐकू येईल.

आता मी लिहितो. हसू नकोस. इंटरनेटवर मासिकं असतात, आरोग्याची, घरगुती, काही बातम्यांची. त्यांना रोज मजकूर लागतो आणि तो बाहेरचे लोक घरी बसून लिहून देतात. छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या आमच्या जुन्या जुळाऱ्याने सुचवलं. तो म्हणाला, "दुसऱ्यांचं वाचून वाचून डोळे गेले तुझे. उरलेले स्वतःचं लिहायला वापर." अकरा ठिकाणी लिहून विचारलं. नऊ जणांनी साधी पोच दिली नाही. एकाने कळवलं की आपण 'तरुण आवाज' शोधत आहोत. एकाने नमुन्याचा लेख मागितला, फोटो मागितला आणि 'स्वतःबद्दल दोन ओळी' मागितल्या. लेख एका दुपारी झाला. दोन ओळींना चार दिवस लागले. पहिली ओळ होती, 'सव्वीस वर्षं मुद्रितशोधन.' दुसरी होती, 'एक बहीण.' मग दुसरी काढून टाकली आणि त्या जागी 'वाचनाची आवड' असं लिहिलं.

लेख होता 'गादी कशी निवडावी'. तो छापून आला, म्हणजे पडद्यावर आला. खाली माझं नाव होतं. कुणाला दाखवावं म्हणून खोलीत इकडेतिकडे पाहिलं तर खुर्ची होती. आई असती तर तिला वाचून दाखवला असता आणि तिने, गादी निवडायला एवढं काय वाचायचं, म्हणून मोडीत काढला असता.

आईचा विषय निघालाच आहे तर एक सांगून टाकतो. तुझं ते शेवटचं पत्र मला उशिरा मिळालं. हे तेव्हाच सांगायला हवं होतं, पण तू माझ्याशी बोलतच नव्हतीस आणि तुला एकाच कानाने ऐकू येतं, तेही फोनवर नाही. टपालाचं काय सांगावं, एखादं पत्र कुठे तरी अडकून पडतं. माझ्या मनात येऊन काही ते अडकलं नाही.

उत्तर दिलंस तर बरं वाटेल. पत्ता तोच आहे.

तुझा,
मास्तर

१९ मार्च

ताई,

उत्तर नाही आलं. हरकत नाही. मी लिहीत राहतो, तू कपडे बेतताना ठेव बाजूला.

काम सुरू आहे. संपादिका माझ्या निम्म्या वयाची आहे. फोनवर बोलताना नेहमी काहीतरी खात असते आणि मला सर म्हणते. गंमत बघ, सव्वीस वर्षं मी लोकांच्या कागदांवर लाल खुणा केल्या, आता माझ्या लेखाच्या कडेला तिच्या पिवळ्या चौकटी उगवतात. पहिल्या लेखावर तिने लिहिलं होतं, "सर, एकही चूक नाही. असा मजकूर मी पहिल्यांदा बघतेय. पण लेख काही म्हणतच नाही."

मी फोन करून विचारलं, "म्हणत नाही म्हणजे?"

"म्हणजे सगळं बरोबर आहे, पण तुम्ही कुठेच नाही त्यात. तुमची गादी कशी आहे?"

"मी सतरंजीवर झोपतो."

ती खायची थांबली. मग म्हणाली, "अहो, मग तेच लिहा ना."

लिहिलं. सतरंजीवर झोपणाऱ्या माणसाने गादीवर लिहिलेला लेख लोकांना आवडला म्हणे. मग 'चष्मा कसा जपावा', 'एकट्याने घर कसं बदलावं' आणि 'जुनी खुर्ची फेकण्यापूर्वी' असे आणखी तीन झाले. परिच्छेद छोटे ठेवायचे, मधूनमधून मथळे द्यायचे, पहिल्या चार ओळींत वाचणाऱ्याची मानगूट पकडायची. जमतंय. आनंद होतो का म्हणशील, तर होत नाही, पण सकाळी उठायला एक कारण असतं.

यात एक प्रकार असतो, तो तुला सांगितला तर तू डोक्याला हात लावशील. लोक इंटरनेटवर काय शोधतात, त्याची यादी या मंडळींकडे असते. लोक टाइप करतात तशीच्या तशी. 'दूध नासले आहे का'. 'साहेब ओरडतात काय करू'. 'नवरा घोरतो उपाय'. त्यातला एकेक तुकडा घ्यायचा आणि त्यावर लेख लिहायचा. आणि तो तुकडा लेखात आठ वेळा आला पाहिजे, काना-मात्रा न बदलता, नाहीतर शोधणाऱ्याला लेख सापडत नाही.

परवा तिने मला यादी वाचून दाखवली आणि एका ठिकाणी थांबून म्हणाली, "हा एक तीन आठवडे पडून आहे, कुणी घेत नाही. 'बहिण बोलत नाही'. घेता का सर?"

मी म्हटलं, "पाठवा." पाठवल्यावर पाहिलं तर ऱ्हस्व. पुन्हा फोन केला. "बहीणमधली 'ही' दीर्घ आहे. दुसरी वेलांटी."

"माहितीये सर. पण लोक ऱ्हस्वच टाइप करतात."

"मग लोक चुकतात."

"चुकतात. पण बरोबर लिहिलंत तर तुम्ही त्यांना सापडणार नाही."

मी हो म्हणून बसलो.

तुला आठवतं का, मी शिकायला बाहेर पडलो त्या वर्षी तू पहिलं पत्र पाठवलं होतंस, खाली 'तुझी बहिण'. तू नववीत शाळा सोडून मशीनवर बसली होतीस आणि मी तुझ्याच शिलाईवर शिकत होतो, तरी मला शहाणपणा सुचला. लाल पेनने दुरुस्त करून ते पत्र मी उलट टपाली परत पाठवलं. सुट्टीत आलो तेव्हा तू मला धरलंस. "बहिणीला ऱ्हस्व, बहिणीचं ऱ्हस्व, बहिणीशी ऱ्हस्व. मग नुसती बहीणच दीर्घ का?" मी म्हटलं, नियम आहे. एकटी असली की दीर्घ, प्रत्यय लागला की ऱ्हस्व. तू म्हणालीस, "म्हणजे कुणी सोबत नसलं की तिनेच ताणायचं होय? मी नाही ताणणार." आणि तेव्हापासून प्रत्येक पत्रात तू मुद्दाम ऱ्हस्व लिहिलंस. माझं नाव मास्तर पडलं ते तेव्हाच. मी दर वेळी तुझं पत्र लाल करून परत धाडायचो आणि आई दारातून टपाल घेताना म्हणायची, "आला गं तुझा निकाल."

हा लेख अजून लिहिलेला नाही. मथळा लिहून ठेवलाय. यंत्र त्याच्याखाली लाल रेघ मारतं आणि मी ती बघत बसतो.

मास्तर

३१ मार्च

ताई,

आज पाकीट आलं. पत्त्यावरचं अक्षर तुझं, त्यामुळे उघडायला वेळ लावला. आत माझंच ४ मार्चचं पत्र निघालं. बाकी काही नाही. मी पाकीट उलटं करून झटकलंही.

मग दुसऱ्या पानावर सापडलं. 'उशिरा' या शब्दाभोवती गोल. पेनचा नाही, तुझ्या कापडावर खुणा करायच्या लाल खडूचा. घडी घातल्यामुळे समोरच्या पानावर पुसट उमटलाय.

मी शब्द तपासला. मूळ शब्द 'उशीर', शी दीर्घ. त्याचा 'उशिरा' झाला की शि ऱ्हस्व. तुझ्या त्या 'बहिणी'सारखंच आहे ते. खात्री करावी म्हणून दोन कोश पाहिले, जुना आणि नवा. पुष्कळ लोक 'उशीरा' लिहितात, तुलाही तेच बरोबर वाटत असणार. खरं सांगायचं तर तू चुकलीस याचं मला किंचित बरं वाटलं. तीन वर्षांनी तू काहीतरी कळवलंस आणि त्यात तू चुकलीस.

शब्द बरोबर आहे, ताई.

मास्तर

३ एप्रिल

ताई,

शब्द बरोबर आहे. गोष्ट खोटी आहे.

हे कळायला मला तीन दिवस लागले आणि तेही त्या लेखामुळे. मी 'बहिण बोलत नाही'वर दहा उपाय लिहून पाठवले होते. तिला वेळ द्या. जुन्या आठवणी काढा. मध्यस्थ शोधा. तिच्या आवडीची वस्तू भेट द्या. संपादिकेने दहाही उपायांना मिळून एकच चौकट टाकली, "सर, यातलं एक तरी तुम्ही करून बघितलंय का?" मी ती चौकट वाचत होतो आणि शेजारी टेबलावर तुझा लाल गोल पडलेला होता. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. तू शब्दावर नाही, वाक्यावर खूण केली होतीस.

तुझं पत्र उशिरा मिळालं नव्हतं. तू टाकल्यापासून तिसऱ्या दिवशी मिळालं. मंगळवार होता. सकाळी घरातून निघताना दारात टपालवाल्याने हातात दिलं, ते मी पिशवीत टाकलं आणि जेवणाच्या सुट्टीत टेबलावर उघडलं. तेव्हा आमच्याकडे एका जाडजूड शब्दकोशाची मुद्रितं आली होती, दिवसाला चाळीस पानं डोळ्यांत तेल घालून बघायची. आमच्या खोलीतले थोरले गृहस्थ, ज्यांनी मला काम शिकवलं, पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "अर्थ वाचायचा नाही. अक्षर वाचायचं. अर्थाच्या नादी लागलास की चूक हातातून निसटते." ते मी इतकं मन लावून शिकलो की पुढे दुसऱ्या तऱ्हेने वाचताच येईना. औषधाच्या बाटलीवरचा कागद वाचला तरी मला गोळी कधी घ्यायची ते कळत नाही, वेलांटी कुठे चुकली ते कळतं.

तर तुझं पत्र उघडलं तेव्हा हातात लाल पेन होतं. ते खाली ठेवलं नाही. चौदा चुका निघाल्या. मला छान वाटलं, हे लपवत नाही. तुझं पत्र आलं की मला नेहमीच छान वाटायचं. खाली शेरा मारला, 'चौदा. प्रगती नाही.' पाकिटात घातलं, संध्याकाळी घरी जाताना पेटीत टाकलं आणि विसरून गेलो.

नऊ दिवसांनी शेजारच्या वहिनींचा फोन आला की आई गेली.

मी पोचलो तेव्हा तू मशीनपाशी बसली होतीस. पाय पायडलवर, पण मशीन चालू नव्हतं. भिंतीवर तू गिऱ्हाइकांच्या मापांच्या चिठ्ठ्या टाचणीने लावतेस, त्यांच्या रांगेत ते पत्र लावलेलं होतं. दारातूनच मला माझं लाल अक्षर दिसलं. 'प्रगती नाही.' मी चार दिवस त्या घरात होतो, ताई, आणि त्या भिंतीजवळ गेलो नाही. तू माझ्याशी एक शब्द बोलली नाहीस. मी निघालो तेव्हाही नाही. बसमध्ये बसल्यावर मी मनाशी ठरवून टाकलं की पत्र उशिरा मिळालं. इतक्या वेळा ठरवलं की ते माझ्याच घशाखाली उतरलं.

आता खरी लाजेची गोष्ट सांगतो. त्या पत्रात काय लिहिलं होतं, ते मला माहीत नाही.

चुका सगळ्या आठवतात, ओळीने. आइची. तब्बेत. नाहि. काहि. तूझंच. वहीनींना. लिहि. तूझं. ईतक्या. सूचत. चूका. काढु. नूसता. बहिण. तब्बेत हा शब्द पाहिल्यावर मला त्यातला 'य' आठवला, आई आठवली नाही. आणि या चौदा शब्दांच्या मधलं काही नाही. जे शब्द तू बरोबर लिहिलेस, ते माझ्या नजरेतून पाण्यासारखे वाहून गेले.

ते पत्र तू फाडलं नसशील तर मला पाठव. वाचायला हवंय.

मास्तर

१४ एप्रिल

ताई,

लेख आला. तुझं नाव त्यात नाही, आईचंही नाही. दहाही उपाय काढून टाकले. त्याऐवजी एवढंच लिहिलं की एक माणूस होता, त्याला बहिणीचं पत्र आलं आणि त्याने ते वाचलं नाही, तपासलं. बाकी घरातलं बाहेर काही नेलं नाही. तुला तरीही आवडलं नाही तर सांग, काढून टाकायला लावतो.

पाठवल्यावर संपादिकेचा फोन आला. ती काही खात नव्हती. म्हणाली, "सर, चांगलं झालंय. पण यंत्र म्हणतंय सात वेळाच आलं. आठ हवेत."

मी मोजलं. सातच होते. सगळे दुसऱ्यांबद्दल. ज्यांची बहिण बोलत नाही, ते असं करतात. बहिण बोलत नाही म्हणजे ती रागावलेली असतेच असं नाही. अशी वाक्यं. आठवं कुठे घालावं ते सुचेना, म्हणून सगळ्यात शेवटी वेगळ्या ओळीवर घातलं. 'माझी बहिण बोलत नाही.'

यंत्र म्हणालं, ठीक आहे.

खाली लोक अभिप्राय लिहितात. बऱ्याच जणांनी लिहिलं. एका बाईंचा भाऊ सतरा वर्षं बोलत नाही आणि तो त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहतो. त्याच्या चपलांचा आवाज तिला ओळखू येतो. एकाने विचारलं की पत्र कुठल्या कागदावर लिहावं. आणि एका गृहस्थांनी खडसावलं, "लेखकाला साधी बहीण लिहिता येत नाही आणि निघाले उपदेश करायला. आठ वेळा तीच चूक. भाषेची वाट लावलीत."

सव्वीस वर्षांत माझ्या नावावर एक चूक नाही आणि आता ही आठ. उत्तर द्यायला बसलो होतो, नियम, अपवाद, शोधयंत्र, सगळं. दोन ओळी लिहिल्या आणि पुसल्या. त्यांचं पहिलं वाक्य खरं आहे.

तुझं पाकीट आलेलं नाही. टपालवाला आता मला बघून लांबूनच मान हलवतो.

मास्तर

२६ एप्रिल

ताई,

पत्र मिळालं. काल दुपारी. चारही कोपऱ्यांना टाचणीची भोकं आहेत, म्हणजे ते तीन वर्षं भिंतीवरच होतं. तू चिठ्ठी काही ठेवली नाहीस. ठेवायची गरजही नव्हती.

पहिल्यांदा वाचताच आलं नाही. डोळे लाल खुणांवरून उड्या मारत खाली गेले आणि 'प्रगती नाही'पाशी थांबले. पुन्हा वर गेलो, पुन्हा तेच. मग एक युक्ती केली. कोरा कागद घेतला, निळं पेन घेतलं आणि तुझं पत्र उतरवून काढलं, जसं तू लिहिलंस तसं, लाल काही न घेता. वाटलं पाच मिनिटांचं काम. अर्धा तास लागला. हात आपोआप वेलांटी सुधारायचा. दोन कागद फाडले. तिसऱ्यावर जमलं आणि मग ते खुर्चीत बसून वाचलं. इथेही उतरवतो, कारण मी वाचलं याचा दुसरा पुरावा माझ्याकडे नाही.

'मास्तर,

आइची तब्बेत बरी नाहि. डॉक्टर म्हणाले आता घरीच असू द्या. दोन दिवस झाले ती काहि खात नाही, तूझंच नाव घेते. मी म्हटलं शेजारच्या वहीनींना फोन करायला सांगते. तर म्हणाली नको, तूच लिहि. तूझं पत्र गेलं की तो लगेच परत पाठवतो, ईतक्या लवकर तो फोनलाही उत्तर देत नाही. मला एकटीला काय करावं ते सूचत नाही. या वेळी चूका काढु नकोस. नूसता ये.

तुझी बहिण'

शेवटच्या दोन वाक्यांत मी तीन खुणा केल्या आहेत, ताई. चुका. काढू. नुसता. प्रत्येक खूण नीट, समासात आडवी रेघ मारून.

आणि आईने ते बघितलं असेल. निकाल आला की तीच दारात असायची. त्या वेळी दारापर्यंत येणं तिला झालं नसेल, तेव्हा तू वाचून दाखवलं असशील, किंवा नसशील. मला विचारायचं होतं, पण उत्तर कुठलंही असलं तरी ते मला सोसणार नाही. तुला सांगायचं असेल तेव्हा सांग. नाही सांगितलंस तरी चालेल.

गालाची सुई उतरली. कालपासून दुखतंय. दुपारी पाणी प्यायला उठलो आणि ओट्यापाशीच उभा राहून रडलो, भांडं हातात धरून. आईसाठी रडलो आणि तुझ्यासाठीही. तू पाच-सहा दिवस आईपाशी बसून कान एकच असताना जिन्यावरच्या पावलांची वाट बघितलीस आणि वर टपालवाला आला.

संपादिकेने पुढचा विषय पाठवलाय. मी कळवलं की चार दिवस नाही जमणार. मग रजेचा अर्ज कुणाला द्यायचा म्हणून विचार करत बसलो आणि लक्षात आलं की आता रजा द्यायला कुणी नाही. मला तेव्हाही कुणी अडवलं नव्हतं. मी मागितली नव्हती.

हे पत्र पेटीत टाकत नाही. उद्या सकाळच्या गाडीने निघतोय, सोबत आणतो. दार उघडशील तेव्हा हातात देईन, म्हणजे तुला काही बोलावं लागणार नाही. दार उघडलं नाहीस तर फटीतून आत सरकवीन आणि पायरीवर बसेन. काढायच्या असतील तेवढ्या चुका काढ. खडू तुझ्याकडे आहेच.

लाल पेन घरी ठेवलंय. काही आणत नाही. नूसता येतोय.

तुझा भाऊ